फायनल ऑर्बिटसाठी सोळा दिवस थांबायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. सोलापूर जिल्ह्यातल्या कालव्याच्या कामासाठी तुम्ही मंगळवारी चार ड्युअल फ्रीक्वेन्सी (दोन वारंवारतांवर सिग्नल घेणारे) जीपीएस रिसीव्हर लावले. तीन नव्या कंट्रोल पॉइंटवर (पुढची मोजणी ज्यांच्या आधारे होते त्या बिंदूंवर) आणि चौथा ३८ किलोमीटरवरच्या जुन्या बिंदूवर, ज्याचे को-ऑर्डिनेट चौदा वर्षांपूर्वीच्या एका कामातून आलेले आहेत. सकाळी अकरा ते दुपारी तीन, सलग चार तास स्टॅटिक, म्हणजे रिसीव्हर जागेवर स्थिर. ठेकेदाराला आकडे गुरुवारी सकाळी हवेत. सल्लागाराच्या अटींमध्ये मात्र ‘फायनल प्रिसाइज एफेमेरिस वापरूनच प्रोसेसिंग करावे’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे उपग्रहांच्या कक्षेची (ऑर्बिटची) सर्वांत शेवटी प्रसिद्ध होणारी फाइल. शिवाय त्याच रात्री जुन्या बिंदूचा डेटा तुम्ही ऑनलाइन पीपीपी (एकाच रिसीव्हरच्या डेटावरून बिंदू काढणाऱ्या) सेवेला पाठवलात, तर उत्तर जुन्या आकड्यांपासून सुमारे ७० सेंटिमीटर ईशान्येला आलं. अल्ट्रा-रॅपिड, म्हणजे सगळ्यात लवकर मिळणारी, ऑर्बिट कच्ची असल्यामुळे हे झालं असावं, अशी तुमची शंका आहे.

माझं उत्तर: थांबायची गरज नाही, आणि त्या ७० सेंटिमीटरशी ऑर्बिटचा काही संबंध नाही. आता का, ते सांगतो. कारण कळलं तर पुढच्या कामात बेसलाइन, म्हणजे दोन रिसीव्हरमधली रेषा, ३८ ऐवजी ३८० किलोमीटरची असली तरी निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

कोणती फाइल कधी मिळते, तिथून सुरुवात करू. इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिस म्हणजे आयजीएस (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह प्रणाली) ही संस्था १९९४ पासून हे काम करते आहे. जगभरची ५०० हून जास्त कायमस्वरूपी स्टेशनं, त्यात बेंगळुरूचं आयआयएससी आणि हैदराबादचं एनजीआरआयसुद्धा, सतत डेटा पाठवत असतात. बर्न, पॉट्सडॅम, डार्मस्टाट, पासाडेना, ओटावा अशा ठिकाणची विश्लेषण केंद्रं आपापल्या परीने प्रत्येक उपग्रहाची कक्षा काढतात आणि आयजीएस त्या सगळ्यांना वजन देऊन एक एकत्रित कक्षा प्रसिद्ध करते. सगळं फुकट. हे काम स्वेच्छेने चालतं, आणि आपल्या धंद्याचा अर्धा पाया त्यावर उभा आहे, याची जाणीव प्रत्येक सर्व्हेअरने ठेवायला हवी.

तुमच्या मंगळवारच्या सत्रापुरतं घड्याळ असं चालतं. भारतीय वेळेत ११ ते ३ म्हणजे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साडेपाच ते साडेनऊ. अल्ट्रा-रॅपिड फाइल दिवसातून चार वेळा येते, आपल्या वेळेनुसार पहाटे अडीच, सकाळी साडेआठ, दुपारी अडीच आणि रात्री साडेआठला. प्रत्येक फाइलमध्ये ४८ तास असतात. पहिले २४ तास निरीक्षणांवरून काढलेले, पुढचे २४ तास अंदाजाने पुढे नेलेले. निरीक्षणांचा भाग फाइल प्रसिद्ध होण्याच्या तीन तास आधी संपतो. तेव्हा मंगळवारी रात्री साडेआठला जी फाइल आली, तिच्या निरीक्षित भागात तुमचं अख्खं सत्र बसतं. रॅपिड दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी रात्री साडेदहाला. फायनल आठवड्याच्या हिशोबाने निघते: जीपीएसचा आठवडा शनिवारी संपतो, आणि त्यानंतर बारा दिवसांनी, गुरुवारी, ती येते. तुमच्या मंगळवारपासून मोजलं तर सोळा दिवस.

अचूकतेचे आकडे आयजीएस स्वतः देते. उपग्रह स्वतः पाठवतो ती ब्रॉडकास्ट कक्षा साधारण १ मीटरपर्यंत बरोबर असते. अल्ट्रा-रॅपिडचा अंदाजित भाग ५ सेंमी, निरीक्षित भाग ३ सेंमी. रॅपिड २.५ सेंमी. आणि फायनल? तीही २.५ सेंमी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. रॅपिड आणि फायनल यांच्या कक्षेत सर्व्हेअरला जाणवेल असा फरक जवळजवळ उरलेलाच नाही. फायनलसाठी लागणारा वेळ मुख्यतः उशिरा आलेला स्टेशनांचा डेटा सामावून घेण्यात आणि कक्षा, स्टेशनांचे को-ऑर्डिनेट, पृथ्वीच्या फिरण्यातले बारीक बदल हे सगळं एकमेकांशी जुळवण्यात जातो. भूपट्टांच्या हालचालींवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना ती सुसंगती लागते. कालव्याला लागत नाही.

पण या तक्त्यावरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. कक्षा ५ सेंमीने चुकली म्हणजे तुमचा बिंदू ५ सेंमीने चुकला, असं होत नाही. कक्षेतली चूक तुमच्या बिंदूपर्यंत किती पोचते, हे तुम्ही कोणत्या पद्धतीने बिंदू काढता यावर ठरतं.

दोन रिसीव्हर एकाच वेळी एकाच उपग्रहाकडे बघत असतात तेव्हा उपग्रहाच्या जागेतली चूक दोघांनाही जवळजवळ सारखीच दिसते, आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. किती उरते याचा जुना ठोकताळा सोपा आहे: बेसलाइनला उपग्रहाच्या अंतराने भागा आणि कक्षेच्या चुकीने गुणा. उपग्रह सुमारे २०,००० किमीवर धरा. तुमची बेसलाइन ३८ किमी. ब्रॉडकास्टची १ मीटर चूक धरली तरी उत्तर येतं १.९ मिलिमीटर. हीसुद्धा वाईटातली वाईट स्थिती. प्रत्यक्षात वेगवेगळ्या दिशांच्या उपग्रहांच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात, त्यामुळे परिणाम याहून कमीच होतो. अल्ट्रा-रॅपिडचे ५ सेंमी घातले तर एक दशांश मिलिमीटर. फायनल घेऊन तुम्ही वाचवणार तो या एक दशांश मिलिमीटरचा काही भाग, आणि त्यासाठी सोळा दिवस.

हाच ठोकताळा उलट बाजूनेही लागतो, आणि हे फार कमी लोक सांगतात. बेसचे, म्हणजे ज्ञात धरलेल्या बिंदूचे, स्वतःचे को-ऑर्डिनेट चुकीचे घातले तर बेसलाइनवर तसाच परिणाम होतो. घाईत बेसला रिसीव्हरचा सिंगल पॉइंट (त्याने एकट्याने काढलेला ढोबळ) आकडा देऊन टाकला आणि तो ५ मीटरने चुकलेला असला, तर ३८ किमीवर साडेनऊ मिलिमीटर गेले. म्हणजे ब्रॉडकास्ट कक्षेच्या पाचपट नुकसान. ते फायनल ऑर्बिट भरून काढत नाही.

लांब बेसलाइनचं गणित अर्थातच वेगळं. ३८० किमीला ब्रॉडकास्टची चूक १९ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. तिथे मी ब्रॉडकास्ट वापरणार नाही, रॅपिडची वाट बघेन. १०० किमीच्या आतल्या साध्या स्टॅटिक कामाला अल्ट्रा-रॅपिडच्या पुढे जायची गरज मला तरी पडलेली नाही.

पीपीपीमध्ये चित्र पूर्ण बदलतं. तिथे दुसरा रिसीव्हर नाही, वजाबाकी नाही. उपग्रहाची जागा आणि उपग्रहाचं घड्याळ फाइलमध्ये जसं असेल तसंच खरं मानून तुमचा बिंदू काढला जातो. त्यामुळे चूक थेट अंगावर येते. आणि इथे कक्षेपेक्षा घड्याळ जास्त नडतं.

कक्षा भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते. पृथ्वी, चंद्र, सूर्य यांचं गुरुत्वाकर्षण नीट मोजता येतं. अवघड जातो तो सूर्यप्रकाशाचा दाब. पॅनेलवर पडणाऱ्या उजेडाचा तो धक्का इतका नाजूक, पण हिशोबात घेतला नाही तर एका दिवसात उपग्रह शंभर मीटरच्या वर सरकतो. बर्नच्या केंद्राने नव्वदच्या दशकात या दाबाचं चांगलं मॉडेल बसवलं, आणि आज २४ तास पुढची कक्षा ५ सेंमीत सांगता येते ती अशा कामामुळेच. अणुघड्याळाचं तसं नाही. ते कितीही उत्तम असलं तरी त्याचं भरकटणं यादृच्छिक असतं, त्यामुळे पुढचा अंदाज लवकर ढिला पडतो. अल्ट्रा-रॅपिडच्या अंदाजित भागात घड्याळाची चूक सुमारे ३ नॅनोसेकंद असते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंमी जातो, म्हणजे ९० सेंमी! निरीक्षित भागात तीच चूक १५० पिकोसेकंद, म्हणजे साडेचार सेंमी. रॅपिडमध्ये ७५ पिकोसेकंद, सव्वादोन सेंमी.

म्हणून माझा नियम असा. बेसलाइनसाठी अंदाजित भागही चालतो, कारण घड्याळ वजाबाकीत निघून जातं. पीपीपीसाठी अंदाजित भाग कधीच नाही. निरीक्षित चालेल, रॅपिड उत्तम. तुम्हाला फाइल उघडून हे तपासता येतं. एसपी३ फाइल (कक्षा याच स्वरूपात मिळते) साधा मजकूर आहे, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक उपग्रहाच्या ओळीच्या शेवटी ‘पी’ हे अक्षर दिसलं तर ती जागा अंदाजाने काढलेली आहे. त्याच्या अलीकडे ‘एम’ असेल तर त्या वेळी उपग्रहाला धक्का देऊन कक्षेत हलवलं जात होतं. अशा दिवशी अंदाजित कक्षा शेकडो मीटर चुकू शकते. मला एकदा एकाच उपग्रहाचे रेसिड्युअल (मोजलेल्या आणि हिशोबाने येणाऱ्या आकड्यांतले फरक) सगळ्या बेसलाइनवर वेडेवाकडे दिसले होते. हालवण्याची सूचना पाहिली तर वेळ तंतोतंत जुळली. तो उपग्रह काढून टाकला आणि सगळं फिक्स झालं. घड्याळाच्या रकान्यात ९९९९९९ दिसलं, तर त्या उपग्रहाचं घड्याळ उपलब्धच नाही असं समजा.

आता तुमचे ७० सेंटिमीटर. तुम्ही वापरलेल्या सेवेने अहवालात अल्ट्रा-रॅपिड असं लिहिलं असेल, तर तुमचं सत्र ज्यात बसतं त्या निरीक्षित भागाची ऑर्बिट वर सांगितल्याप्रमाणे ३ सेंमीच्या आसपासची मानली जाते. चार तासांच्या डेटावर त्यातून काही सेंटिमीटरचा फरक समजू शकतो, ७० सेंमीचा नाही. आणि दिशा बघा: ईशान्य. भारतीय भूपट्ट दरवर्षी साधारण ५ सेंमी ईशान्येकडे सरकतो. चौदा वर्षं गुणिले पाच, सत्तर. पीपीपीचं उत्तर आजच्या तारखेच्या आयटीआरएफ (जागतिक संदर्भ) चौकटीत येतं. तुमचे जुने आकडे चौदा वर्षांपूर्वीच्या तारखेचे आहेत. बिंदू खरोखरच सरकला आहे, त्याच्यासोबत कालवा, गाव आणि अख्खं दख्खन सरकलं आहे, म्हणून जमिनीवर कुणाला काही दिसत नाही.

हे मी खात्रीने म्हणू शकेन ते एका अटीवर: जुने आकडे त्या वेळी आयटीआरएफला किंवा नीट जोडलेल्या डब्ल्यूजीएस-८४ला (जीपीएसच्या स्वतःच्या चौकटीला) बांधलेले असले पाहिजेत. ते तसे होते का, हे त्या कामाच्या अहवालातच कळेल. अहवाल नसेल तर एक परीक्षा घ्या. त्याच जुन्या कामातले आणखी दोन-तीन बिंदू पीपीपीने काढा. सगळ्यांचा फरक तेवढाच आणि त्याच दिशेला आला तर भूपट्ट. एकाच बिंदूचा वेगळा आला तर त्या दगडाला कुणीतरी नांगर किंवा जेसीबी लावला आहे. सगळ्यांचा सारखाच, पण भलत्याच दिशेला आला तर जुन्या बेसमध्येच चूक होती.

मग कालव्यासाठी कोणते आकडे धरायचे? हे कामाच्या इतिहासावर अवलंबून आहे. भूसंपादनाचे नकाशे आणि कालव्याचं संकल्पन जुन्या आकड्यांवर झालं असेल, तर जुना बिंदू स्थिर धरा आणि तिन्ही नवे बिंदू त्यावरूनच काढा. ७० सेंमीमुळे बेसलाइनवर पडणारा परिणाम १.३ मिलिमीटर, सोडून द्या. काम नवंच असेल आणि पुढे राज्याच्या किंवा भारतीय सर्वेक्षणाच्या कॉर्स (कायम चालू असणाऱ्या संदर्भ स्टेशनांच्या) जाळ्याशी जोडायचं असेल, तर त्या जाळ्याची चौकट आणि तारीख विचारून घ्या आणि तीच धरा. अर्धे बिंदू जुन्या चौकटीत, अर्धे पीपीपीचे, असं मात्र करू नका. एका नदीजोड कामात दोन पथकांनी असंच केलं, आणि दोन टोकांकडून आलेली रेषा मध्यावर पाऊण मीटर चुकली. तिथे दोन्ही पथकांनी फायनल ऑर्बिटच वापरली होती.

म्हणून काळजी करायची तर ऑर्बिटऐवजी इतर ठिकाणी करा. पहिली अँटेनाची उंची. तिरकी मोजली की उभी, आणि सॉफ्टवेअरमध्ये काय निवडलं? यात सहज पाच-सहा सेंमी जातात. मी स्वतः एकदा फायनलची वाट बघत दोन आठवडे काम अडवून ठेवलं, आणि शेवटी लूप (बेसलाइनांची बंद साखळी) न जुळण्याचं कारण निघालं ते एका ट्रायपॉडची तिरकी उंची उभी म्हणून घातलेली. तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी उंची मोजायची, दोन्ही प्रकारांनी, आणि टेपचा फोटो काढायचा, हा माझ्या पथकाचा नियम आहे. दुसरी आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. आपल्या अक्षांशांवर ती जगातल्या त्रासदायक भागांपैकी आहे. ३८ किमीला ड्युअल फ्रीक्वेन्सी वापरलीत ते योग्यच. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत मात्र सत्र लावू नका. त्या वेळी सिग्नल थरथरतात, तुटतात, आणि कुठलीही ऑर्बिट फाइल त्याला उपाय नाही.

तिसरी उंची. कालव्याचा उतार किलोमीटरला वीस सेंमी असू शकतो. जीपीएसची उंची आडव्या स्थानापेक्षा दुप्पट-तिप्पट ढिली असते, वर ती समुद्रसपाटीपासूनची नसतेच. तळाची पातळी डिजिटल लेव्हलनेच आणा. यावर माझ्याकडून सवलत नाही.

फाइल उतरवताना एक बारीक गोष्ट. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. उन्हाळ्यात आपण पाचलाच ट्रायपॉड लावतो, आणि मग सत्र दोन दिवसांत विभागलं जातं. एकाच दिवसाची एसपी३ फाइल दिली तर पहिला अर्धा तास बिनकक्षेचा राहतो, किंवा सॉफ्टवेअर गुपचूप ब्रॉडकास्टवर जातं. शिवाय फाइलमध्ये जागा दर १५ मिनिटांनी दिलेली असते आणि मधली जागा काढायला आधीचे-नंतरचे बरेच बिंदू लागतात, त्यामुळे सत्र साडेपाचच्या आसपास असेल तर शेजारच्या दिवसाची फाइलही द्या. तुमचं अकरा ते तीनचं सत्र यातून सुटलं आहे. फाइल नासाच्या सीडीडीआयएस या डेटा केंद्रावरून मोफत नोंदणी करून मिळते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून नावांची पद्धत बदलली आहे, जुनं सॉफ्टवेअर नवं लांब नाव ओळखत नसेल तर नाव बदलून द्यावं लागतं.

राहता राहिली सल्लागाराची अट. ती मोडू नका, आणि तिच्यासाठी कामही अडवू नका. बुधवारी रात्री साडेदहानंतर रॅपिड उतरवा, प्रोसेसिंग करा, गुरुवारी सकाळी आकडे द्या. अहवालात स्पष्ट लिहा: कोणती फाइल, कोणती चौकट, कोणती तारीख, कोणता बिंदू स्थिर, अँटेनाची उंची कशी मोजली. सोबत एक ओळ, की फायनल प्रसिद्ध झाल्यावर याच डेटाची पुनर्प्रक्रिया करून तुलना सादर केली जाईल. रायनेक्स फाइल (रिसीव्हरचा कच्चा डेटा) जपून ठेवा. सोळा दिवसांनी तीच बेसलाइन फायनलने चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी मांडून पाठवा. फरक मिलिमीटरच्या आत असेल. दोन-तीन कामांत सल्लागाराला अशी तुलना दिली की पुढच्या टेंडरमधल्या अटीत तो स्वतःच ‘रॅपिड किंवा फायनल’ असं लिहायला लागतो. माझ्या दोन ग्राहकांनी लिहिलं आहे.

तुमचं पीपीपीचं उत्तरही गुरुवारी पुन्हा मागवा, तोवर रॅपिड आलेली असेल. ते एक-दोन सेंमी हलेल, ७० सेंमी तसेच राहतील. तसं झालं नाही, फरक एकदम कमी किंवा जास्त झाला, तर मला रायनेक्सचा हेडर आणि अँटेनाचं मॉडेल सांगा. मग माझं निदान चुकलं आहे, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून बघू.